पूर्वेची भिंत

गेनबा मिस्त्री कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीला हात लावायचा आणि मग माणसांना रामराम करायचा. गावात याचं कुणाला काही वाटत नसे, कारण निम्म्या भिंती त्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातच्या होत्या. लेक दिलेल्या घरी बाप जसा उगीच डोकावून जातो, तसा तो यायचा. तळवा टेकवायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, "बरी हाय" म्हणायचा आणि ओट्यावर बसून तंबाखूची चंची सोडायचा.

चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या अंगाला असलेल्या त्या गावात मी नवा मास्तर म्हणून आलो, तेव्हा माझ्या खोलीतही तो असाच आला. ती भिंत दुसऱ्याच कुणीतरी बांधलेली होती. हात लावून झाला, पण "बरी हाय" काही तो म्हणाला नाही. म्हणाला, "गुरुजी, खाट जरा हिकडं सरकवून घ्या." मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेलो, अंगात शहाणपण मावत नव्हतं. मनातल्या मनात हसलो, पण वडीलधारं माणूस म्हणून खाट सरकवली. श्रावणात एका दुपारी मी शाळेत असताना त्या कोपऱ्यातले चार दगड मातीसकट खाली आले. खाट आधी जिथे होती, बरोबर तिथे. तेव्हापासून मी त्याला तोंडावर "अहो मिस्त्री" म्हणू लागलो आणि मनात नुसतं "गेनबा".

साठीला टेकलेला, उंची बेताची, डोक्याला एकेकाळी तांबडं असलेलं मुंडासं. डाव्या अंगठ्याला नख अर्धंच. भुवयांत आणि पापण्यांत दगडाची पांढुरकी भुकटी कायम बसलेली, त्यामुळे तो नुकताच दळण दळून उठल्यासारखा दिसायचा. जन्मभर ठोकाठोकी केलेल्या माणसाचा आवाज मोठा असेल असं वाटे, पण तो इतकं हळू बोलायचा की पुढे वाकून ऐकावं लागे. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "हातोडा बोलतोय की. दोघांनी कशापायी वरडायचं?"

शाळा तेव्हा मारुतीच्या देवळात भरायची. एकदा उजळणीत अडखळलेल्या एका पोराला मी रागाच्या भरात म्हणालो, "नुसता दगड आहेस, दगड!" बाहेर पायरी बसवत असलेला गेनबा हातातली छिन्नी ठेवून आत आला. पोरं उठून उभी राहिली. मला वाटलं, पोराची बाजू घ्यायला आलाय. तर म्हणाला, "गुरुजी, पोराला काय म्हणायचं ते म्हणा, पर दगडाला नावं ठिवू नका. दगडाला येक डाव सांगितलं की त्यो जलमभर त्येच धरून बसतोय. तुमचं कुनी आसं ऐकतंय का?" आणि बाहेर जाऊन पुन्हा ठोकू लागला. पोरं महिनाभर माझ्याकडे बघून हसत होती आणि मला रागावायचीही सोय उरली नव्हती.

कानानं तो फार तिखट होता. दगड निवडायचा तो वाजवून. हातोडीनं हलकेच टोला द्यायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर बाजूला. ही खोड त्याला घरातही सुटली नव्हती. बायको सोनाबाई सांगायची, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी यानं तिच्या माहेरची सगळी भांडी वाजवून बघितली. सरपंच बापूसाहेबांनी घराला पुण्याच्या गवंड्याकडून सिमेंटचा नवा दर्शनी भाग करून घेतला, तेव्हा सारा गाव बघायला लोटला. गेनबानं पुढे होऊन तीन ठिकाणी बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि म्हणाला, "सर्दी झाल्यागत वाजतीया." बापूसाहेब आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. रागीट माणूस, पण गावासाठी जीव टाकणारा. शाळेच्या इमारतीला मंजुरी त्यांनीच खेपा घालून आणली होती, आणि काम द्यायची वेळ आली तेव्हा नाव गेनबाचंच घेतलं.

ही शाळा म्हणजे माझं स्वप्न होतं, हे इथे सांगून टाकतो. देवळात एका बाजूला घंटा, दुसऱ्या बाजूला भजन, मध्ये चार इयत्ता आणि मी. गावानं श्रमदानानं पाया खणला. अखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर उद्घाटन करायचं ठरलं. बापूसाहेबांनी पुण्याच्या एका बड्या पाहुण्यांना बोलावणंही धाडलं. पाहुण्यांपुढे वाचायचं भाषण मी संक्रांतीलाच लिहून ठेवलं होतं.

बांधकाम चालू असताना मी मधल्या सुट्टीत तिथे जाऊन बसायचो. भिंत कशी असते ते मला तिथे कळलं. तोवर मला वाटायचं, दगडावर दगड ठेवला की भिंत. गेनबानं समजावलं की दगडी भिंत ही खरं म्हणजे दोन भिंती असतात. एक बाहेरच्या तोंडाची, एक आतल्या. मधल्या पोटात चुना आणि बारीक दगड भरायचे. या दोन भिंतींनी वर्षं गेली की एकमेकींपासून सुटून फुगू नये, म्हणून प्रत्येक थरात मधूनमधून एक लांब दगड आडवा घालायचा, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार गेलेला. त्याला गेनबा "मधला भाऊ" म्हणायचा. "थोरला नि धाकटा भांडून येगळं निघत्यात बगा. मधला दोघांचं हात धरून बसला, तर घर ऱ्हातं." बाहेरून बघणाऱ्याला हा दगड इतर दगडांसारखाच दिसतो. त्याची लांबी फक्त बांधणाऱ्याला ठाऊक.

माघात काम भलतंच वेगात चालू लागलं. पूर्वेची भिंत बघता बघता चौकटीच्या वर गेली. मी खूष, बापूसाहेब खूष. गेनबा मात्र तेव्हा जरा कमी बोलायला लागला होता. मला वाटलं, थकला असेल.

शिमग्याला कामाला सुट्टी होती. मला किल्ल्यांचं वेड. सुट्टी मिळाली की खांद्याला पिशवी लावून निघायचो, आणि परत आलो की देवळाच्या ओट्यावर बसून कुठल्या किल्ल्यावर कोण लढलं याची प्रवचनं झोडायचो. त्या वेळी विसापूरला निघालो होतो. सहज गेनबाला म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही कुठले कुठले किल्ले बघितलेत?"

"येक बी न्हाई."

मला खरंच वाटेना. चारी बाजूंना किल्ले, आणि हा जन्माचा पाथरवट.

"वर जायाला येळच कुठं घावला, गुरुजी? खालीच घरांच्या भिती पडत व्हत्या."

मग मी त्याला घेऊनच गेलो. खरं सांगायचं तर मला ऐकणारा हवा होता. एस.टी.नं तळेगाव, तिथून पॅसेंजरनं मळवली, आणि भाजे गावावरून पायी. सोनाबाईनं बाजरीच्या भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली होती. चढताना माझं तोंड चालूच होतं. हा डोंगर किती उंच, किल्ला कुणाकडून कुणाकडे गेला, इंग्रजांनी घेतल्यावर दरवाजे कसे उडवले. गेनबा "व्हय का" म्हणत मागून येत होता. ओढ्याच्या वाटेनं मोठमोठे धोंडे ओलांडून आम्ही वर निघालो आणि एका वळणावर मान वर केल्यावर तट दिसला.

गेनबा थांबला. कड्याच्या काठानं ती भिंत डावीकडून येऊन उजवीकडे दूरवर गेली होती. डोंगर जिथे आत वळला तिथे तीही वळली होती, जिथे पुढे आला तिथे पुढे आली होती. शेवट काही दिसत नव्हता. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. उन्हानं तापून काढलं असेल म्हणून मी पाण्याचा तांब्या पुढे केला, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"ह्ये कुनी केलं?" त्यानं विचारलं.

मी उत्साहानं राजांची नावं सांगायला सुरुवात केली.

"त्ये न्हाई वो. केलं कुनी?"

एवढी पुस्तकं वाचली, पण त्या बांधणाऱ्यांपैकी एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं आणि ते ठाऊक नाही हेही तोवर ठाऊक नव्हतं.

वर पोचल्यावर तो भिंतीजवळ गेला. मला वाटलं नेहमीसारखा हात लावेल. हात पुढे केला, पण दगडापासून चार बोटांवर थांबवला. मग बंडीला दोन्ही हात पुसले आणि तळवा टेकवला. मी बाजूच्या पाण्याच्या टाक्यापाशी जाऊन बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या किल्ल्यावर गप्प बसलो. वारा होता, तळात रेल्वेचा रूळ दोऱ्यासारखा दिसत होता आणि त्या अफाट माळावर आम्ही दोघंच होतो.

मग आम्ही तटावरून चालायला लागलो. कुठे माथ्यावरच्या वाटेनं, कुठे ढासळलं होतं तिथे खाली उतरून भिंतीच्या कडेनं. दरवाजा, बुरूज, तोफ, जे मी नेहमी लोकांना दाखवत असे, त्यांच्याकडे गेनबानं ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचे प्रश्न निराळेच. चुना मळायला पाणी कुठून घेतलं? भट्टी कुठं लावली? माणसं राहत कुठं होती? एका ठिकाणी चुना मळायच्या घाण्याचं भलंमोठं दगडी चाक पडलं होतं. मी त्याच्यावरून कितीदा गेलो असेन, जातं समजून. गेनबा त्याच्यापाशी उकिडवा बसला, बैल कुठून कसा फिरत असेल ते बोटानं जमिनीवर काढलं, आणि चाकाच्या झिजलेल्या कडेवरून हात फिरवून म्हणाला, "लई चुना मळलाय बगा ह्येनं. बैलाची पिढी सरली आसंल."

पुढे एका सरळसोट भिंतीपाशी त्यानं मला हाक मारली. "गुरुजी, ह्यो बगा, डावरा."

मला काहीच दिसेना. दगड दगडासारखे. त्यानं माझं बोट धरून दगडावरच्या छिन्नीच्या खुणांवरून फिरवलं. आजूबाजूच्या दगडांवर खुणा एका अंगाला कलल्या होत्या, या दगडावर उलट्या अंगाला. घडवणारा डाव्या हाताचा होता. आणि मग तो डावरा आम्हाला भेटतच गेला. दहा पावलं टाकली की गेनबा म्हणायचा, "ह्यो आला." त्याचा हात किती सफाईचा होता हे गेनबा मला प्रत्येक दगडाशी थांबून दाखवत होता. "हितं घाईत हाय. हितं बगा, जेवून आल्याला दिसतोय, निवांत हात चाललाय." एका दगडाशी तो हसला आणि म्हणाला, "हितं त्येला कुनीतरी बोललंय." मी वेड्यासारखा त्याच्या मागून चालत होतो. दोनशे वर्षं असोत की चारशे, कुणी एक माणूस आमच्या पुढे काही पावलांवर काम करत होता. एका बुरजाच्या वळणानंतर तो दिसेनासा झाला. गेनबानं पुढे जाऊन, मागे येऊन पुन्हा पाहिलं. "हितनं फुडं न्हाई," तो म्हणाला. "गावाकडं गेला म्हनायचं. वाईट कशापायी बोला?"

उन्हं कलायला लागली तेव्हा आम्ही तट फुटलेल्या जागी आलो. सुरुंगानं म्हणा, पावसानं म्हणा, तिथे भिंत आडवी कापल्यासारखी उघडी पडली होती. कलिंगडाची फोड काढल्यावर आतलं दिसावं, तसं तिचं पोट दिसत होतं. मी म्हणालो, "अरेरे!" गेनबा पुढे गेला.

दोन्ही तोंडांच्या मधोमध, थराथराला, लांबच लांब दगड आडवे गेले होते. पुरुषभर लांबीचे, आतल्या बाजूनंही घडवलेले. जिथे कुणी कधी बघणार नव्हतं, तिथेही त्यांच्या कडा सरळ होत्या. गेनबा एकेका थरावर बोट ठेवत खालून वर गेला. "हाय… हाय… हाय…" एवढंच पुटपुटत होता. पुरतं वरपर्यंत मोजून झालं आणि तो तिथेच मातीत बसला. मुंडासं मांडीवर, तोंड उतरलेलं. मी घाबरलो. ऊन लागलं असेल, छातीत काही झालं असेल. विचारलं, तर मान हलवली. भाकरी सोडली, पण त्यानं तुकडा मोडला नाही. उरलेला तट आम्ही चाललो, पण त्यानं एकदाही भिंतीला हात लावला नाही.

परतीच्या पॅसेंजरमध्ये कामशेत गेल्यावर तो बोलला.

"गुरुजी, शाळंची पूर्वेची भित उतरावी लागंल."

मग त्यानं सांगितलं. माघात खाणीतून लांब दगड निघेनासे झाले होते. आणखी खोल खणायचं तर महिना गेला असता, आणि अखिती तोंडावर. बापूसाहेब रोज येऊन उभे राहायचे, मीही रोज विचारायचो, कुठवर आलं? तेव्हा त्यानं आपल्या हातानं एक खोटं काम केलं. मधल्या भावाच्या जागी दोन आखूड दगड दोन्ही तोंडांकडून लावले आणि मध्ये चुन्यानं भरून टाकलं. एका ठिकाणी नाही, वरच्या सगळ्या थरांत. बाहेरून काही कळत नव्हतं.

"लगेच पडेल का?" मी विचारलं.

"लगीच न्हाई. धा वर्सं, पंधरा वर्सं. पोट सुटंल. मंग कवाबी."

आता मी काय बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझ्या डोळ्यांपुढे माझं भाषण होतं, बडे पाहुणे होते, देवळातली घंटा होती. मी म्हणालो, "मिस्त्री, दहा वर्षांचं दहा वर्षांनी बघू. बाहेरून तर भिंत उत्तम आहे. आत कोण बघतंय?"

गेनबानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. समजत नसलेल्या पोराकडे मी बघायला हवं होतं, तसं पाहिलं.

"आजच तर बघितलं की आपन," तो म्हणाला.

तळेगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी आकाशपाताळ एक केलं. "हसं करायचं ठरवलंय का माझं? पाहुण्यास्नी काय सांगू, मिस्त्री किल्ला बघून आला म्हनून भित पाडली?" गेनबा खाली मान घालून ऐकत होता. बापूसाहेब म्हणाले, पिंपरीला नवा कारखाना उभा राहतोय तिथून सिमेंटवाला गवंडी आणतो, वरून गिलावा मारला की झालं. म्हणाले, "आन् समजा तुजं ऐकलं, तर उद्या तुला कोन काम देईल? गावोगाव व्हईल की गेनबानं खोटी भित बांधली." खरं तर हीच गोष्ट होती. त्या माणसाकडे शेत नव्हतं, होतं ते नाव. ते तो आपल्या हातानं मातीत घालायला निघाला होता.

"तिच्याखाली पोरं बसनार हायती, बापूसायेब," एवढंच गेनबा म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच पहार घेऊन वर चढला. आपण बांधलेले दगड एकेक काढून तो खाली ठेवत होता. फेकत नव्हता, ठेवत होता. लोक जमले, चुकचुकले, काही हसले. हात दाखवून अवलक्षण, असं मीच कुणाच्या तरी तोंडून ऐकलं आणि गप्प राहिलो.

भिंत उतरवणं एकट्याला जमलं, पण खोल खाणीतून नवे लांब दगड काढून आणणं एकट्याचं काम नव्हतं. त्यासाठी एकच वाट होती, इर्जिक. आमच्या भागात एखाद्याचं काम अडलं की सारा गाव बैल-अवजारं घेऊन एक दिवस त्याच्याकडे राबतो. त्यानं जेवण घालायचं, बाकी काही नाही. मात्र बोलावणं करायला स्वतः दारोदार जावं लागतं आणि काम काय आहे, कशानं अडलं, हे उंबऱ्यापाशी सांगावं लागतं. नांगरट राहिली, बैल मेला, माणूस अंथरुणाला खिळलं, अशी कारणं लोक सांगतात. गेनबाला कारण म्हणून आपलंच नाव सांगायचं होतं.

तो घरोघर फिरला. त्या दिवशी त्यानं कुणाच्या भिंतीला हात लावला नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, मुंडासं काढायचं आणि म्हणायचं, "म्या शाळंची भित खोटी बांधली. ती नीट करायची हाय. परवा इर्जिक हाय, या." माझ्या दारातही आला. सगळं ठाऊक असलेल्या मलाही त्यानं पहिल्यापासून तसंच सांगितलं, एक शब्द कमी न करता. मी त्याला आत बोलावत होतो आणि तो येत नव्हता.

इर्जिकीच्या दिवशी कोण येतं कोण नाही, याची मला धास्ती होती. झुंजुमुंजू झालं आणि खाणीच्या वाटेनं पहिली गाडी आली ती बापूसाहेबांची. स्वतः कासरा धरून बसलेले. गेनबा पुढे झाला तर खेकसले, "तुज्यासाठी न्हाई आलो. शाळंसाठी बैलं आणल्यात." मग गाड्यांची रांगच लागली. दिवसभर पहारींचा आवाज, "हां, उचला रं!" आणि धुळीचे लोट. मी एका गाडीला मागून खांदा लावला आणि हाताची सालटं निघाली तेव्हा जरा बरं वाटलं. सोनाबाईनं भाकरी आणि हुलग्याची आमटी केली होती. माणसं पोटभर जेवली. कुणी टोमणा मारला नाही.

अखितीला उद्घाटन झालं नाही. पाहुण्यांना कळवावं लागलं, त्यांना पुन्हा सवड झाली नाही, आणि माझं भाषण मी चुलीत घातलं. त्यातच माझ्या बदलीचा हुकूम आला. गेनबाला मी शेवटचं पाहिलं ते निघायच्या आदल्या दिवशी.

भिंत पुरी होत आली होती. दाराच्या चौकटीपाशी तिचं एक टोक त्यानं पायापासून माथ्यापर्यंत उघडंच ठेवलं होतं, आणि गावात सांगून पाठवलं होतं, "उद्या भित झाकतोय. ज्येला बगायचं त्येनं आत बगून घ्या." असलं बोलावणं कुणी कधी ऐकलं नव्हतं. तरी लोक आले. एकेक जण पुढे जायचा, त्या उघड्या टोकातून भिंतीच्या पोटात डोकवायचा आणि बाजूला व्हायचा. एका म्हातारीनं सवयीनं हात जोडले आणि मग शेजारणीला विचारलं, "कंचा द्येव गं ह्यो?" बापूसाहेब सर्वांत शेवटी आले. बोटानं थर मोजत गेले आणि मध्येच थांबून म्हणाले, "हितं दिसंना."

"हाय की. जरा वाकून डावीकडं बगा," गेनबा म्हणाला.

बापूसाहेब वाकले, बघितलं, "हं," म्हणाले आणि धोतराचा सोगा झटकत निघून गेले.

सगळे गेले. मी चिंचेखाली उभा होतो. पुढे जायचा मला धीर होत नव्हता. गेनबानं चुना कालवून घेतला, घडवलेला एक दगड दोन्ही हातांनी छातीशी उचलला आणि माझ्याकडे वळला.

"गुरुजी, तुमी ऱ्हायला."

मी गेलो. वाकून आत पाहिलं. थरामागून थर ते लांब दगड या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पडले होते, आतल्या कडाही सरळ घडवलेल्या. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मला पुढचं नीट दिसेना. तरी मी वरपर्यंत बघितलं.

"झाकू?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. त्याला ती पुरली नाही. कपाळावरची शीर फुगली होती, तरी तो दगड तसाच तोलून धरून तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला, मी "झाका" म्हणेपर्यंत.